मानाची घरपट्टी

करवाढीला विरोध करावा असं माझ्या मनात मुळीच नव्हतं. मला फक्त माइकवर बोलायचं होतं.

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी माणगावच्या स्टँडवर माइकसमोर गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुठली येणारच नाही, हे मी सांगायचो आणि स्टँडभर माणसं माना वर करून ऐकायची. ऐकून झाल्यावर तेच पुन्हा खिडकीत येऊन विचारायची, ही गोष्ट वेगळी. निवृत्त झाल्यावर आम्ही कमळच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरी आडशेतला घर बांधलं. दिवेआगर आणि दिघीच्या मधलं हे लहानसं गाव. सासऱ्यांनी कमळला वाडीचा एक तुकडा दिला होता. त्यात पुढे घर, मागे पर्यटकांसाठी दोन खोल्या, आणि बाजूला चक्रीवादळातून उरलेल्या नारळी-पोफळी. सगळं छान होतं. फक्त माइक नव्हता.

दुसरी अडचण म्हणजे मी गावाचा जावई होतो. जावई असणं ही अडचण आहे असं ज्याला वाटत नाही त्याने सासुरवाडीला कायमचं राहून बघावं. चार दिवस आलेल्या जावयाचे लाड होतात, आणि कायम राहिलेल्याचेही होतात. पण नुसते लाडच होतात. जेवणावळीत पहिला पाट मला. सुरमईचा मधला तुकडा मला. मात्र विहिरीचा गाळ, देवळाचे पत्रे, रस्त्यावर पडलेलं झाड, असं काही काम निघालं की "भावोजी, तुम्ही बसा" असं म्हणून सगळे उठून जातात आणि मी बसतो. गावात मला नावाने हाक मारणारं कुणी नाही. माझं नाव जीवन मोकल आहे हे मला स्वतःला विजेचं बिल आलं की आठवतं.

शिमग्यात हे जास्त टोचायचं. आमच्या ग्रामदेवतेची पालखी निघते तेव्हा दांड्याचा पुढचा उजवा खांदा बाळाजीच्या घराचा, पुढचा डावा विनेशच्या घराचा, दिवटी हितेशच्या घराची, असं सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. याला मान म्हणतात. ज्या घराला मान, त्या घराच्या दारात पालखी जाते. बायका पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालतात, ओटी भरतात, मग पालखी पुढे. आमच्या घराला मान नाही. त्यामुळे दरवर्षी मी धुतलेला सदरा घालून फाटकात उभा राहायचो आणि पालखी आमच्या कोपऱ्यावरून वळून जायची. ढोल लांब जाईपर्यंत मी तसाच उभा असायचो. मला वाईट वाटायचं, खरं सांगायचं तर फारच वाईट वाटायचं, पण बायकोच्या माहेरच्या देवाबद्दल तक्रार करणं बरं दिसत नाही म्हणून मी कमळला कधी बोललो नाही.

तर यंदाच्या प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत करवाढीचा विषय निघाला. आमच्या सरपंच कल्पितावहिनी. कमळच्या चुलत भावाची बायको, त्यामुळे मी तिचा भावोजी. या नात्यात थट्टा चालते, आणि ती बोलताना चेहरा सरळ ठेवते, म्हणून ती थट्टा करते आहे की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिने साधं सांगितलं. पाणी सोडणारा आणि रस्त्यावरचे दिवे लावणारा बुधाजी निवृत्त झाला. घंटागाडी चालवणारा रितेश दिघीला बंदरावर ट्रक चालवायला गेला. दोन्ही जागी माणसं नेमायची तर पंचायतीकडे पैसे नाहीत. तेव्हा एक तर घरपट्टी आणि पाणीपट्टी वाढवायची, नाही तर पाणी, दिवे आणि कचरा यांतलं काहीतरी बंद करायचं. मला एकही सेवा बंद करायची नाही, म्हणून कर वाढवायचा आहे, असं ती म्हणाली. मग ग्रामसेवक धम्मदीप यांनी सगळे आकडे वाचून दाखवले. ते वाचत असताना मागच्या रांगेत दोघांना झोप लागली. कुणाची हरकत आहे का, असं विचारून त्यांनी माइक टेबलावर ठेवला.

कुणीच उठलं नाही. माइक मोकळा पडला होता, आणि मोकळा माइक बघून मला राहवत नाही.

मी म्हणालो की एक पैसा कर वाढवू नये आणि एक सेवा बंद करू नये. वॉल्व फिरवायला, बटण दाबायला आणि एक छोटा टेम्पो गावातून हिंडवायला पगारी माणूस कशाला हवा? गाव काय लुळं आहे? घराघराने आळीपाळीने करावं. अख्ख्या डेपोच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या मी लावल्या आहेत, गावाच्या लावायला मला एक संध्याकाळ पुरेल. टाळ्या पडल्या. आडशेतमध्ये माझ्यासाठी पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या. मागच्या रांगेतले दोघे टाळ्यांनी जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या. उभ्या उभ्या करवाढ विरोधी समिती स्थापन झाली आणि मी तिचा अध्यक्ष झालो.

कल्पितावहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ चेहऱ्याने म्हणाली, "भावोजी, शिमग्यापर्यंत करून दाखवा. जमलं तर कर वाढवणार नाही. नाही जमलं तर याच सभेत उभं राहून कर वाढवा असं तुम्ही म्हणायचं."

मी कबूल केलं. अध्यक्ष झालेल्या माणसाला त्या वेळी काहीही कबूल करता येतं.

संध्याकाळी मी ड्यूटीचा तक्ता केला. घर नंबराच्या क्रमाने, म्हणजे खाडीच्या टोकापासून सुरुवात. आदर्श म्हणून पहिल्या दिवशीची घंटागाडी स्वतःकडे घेतली. शाई वाळायच्या आत कुंपणापलीकडून पुतळाबाई आली. पुतळाबाई आमची शेजारीण; गावात कुणाचा मान कुठला, कुणाच्या आधी कोण, हे तिला विचारून ठरतं. तिचं वय कुणाला माहीत नाही आणि विचारायची कुणाची छाती नाही. तिने कमळकडून तक्ता वाचून घेतला आणि माझं नाव ऐकताच कपाळाला हात लावला. जावयाच्या हातानं गावचा कचरा उचलला तर मुंबैवरनं आलेली मानसं आमच्या तोंडात शेन घालतील, असं तिचं म्हणणं पडलं. माझं नाव तिथेच खोडलं गेलं. म्हणजे गावाने आपली कामं आपण करावीत असं म्हणणारा मी, गावातला एकटाच असा राहिलो ज्याला काम नव्हतं.

मग ती क्रमावर आली. खाडीच्या टोकाचं घर आधी आणि बाळाजीचं मध्येच कुठेतरी, हे कसं काय? मी समजावलं की हे काम आहे, यात मानाचा संबंध नाही.

"जावयबापू, आळीपाळीनं करायचं म्हंजे कुनीतरी पयला आलाच," पुतळाबाई म्हणाली. "पयला म्हंजे मान. आन मान म्हंजे बाळाजी."

मी दुर्लक्ष केलं. रात्री बाळाजी आला, ओटीवर बसला, चहा प्याला, सुपारीच्या भावाबद्दल आणि माडावरच्या किडीबद्दल बोलला, तक्त्याबद्दल अवाक्षर न काढता गेला. पुतळाबाई म्हणाली की तो भयंकर रागावला आहे. सकाळी विनेश आला, तोही चहा पिऊन गेला. नोकरीत कंडक्टर रागावले की टेबलावर हात आपटायचे, ते मला कळायचं. इथे माणूस चहा पिऊन रागावतो. दुपारपर्यंत चहाची पूड संपली आणि मी तक्ता पालखीच्या क्रमाने पुन्हा लिहिला. तीच चूक झाली.

म्हणजे असं, की माझ्या तक्त्यात ड्यूटी होती आणि गावाने वाचला तो मान.

दिव्यांपासून सुरुवात झाली. दिवटी हितेशच्या घराची, म्हणून रस्त्यावरचे दिवे लावणं त्याच्याकडे गेलं, यात कुणाचंच दुमत नव्हतं. हितेश नवी मुंबईत नोकरीला. शनिवारी गावी येतो. त्याचा भाऊ इथेच असतो, पण मान कर्त्याने करायचा, भावाने नाही. भाऊ रोज संध्याकाळी खांबाखाली येऊन बटणाकडे बघायचा आणि घरी जायचा. आठवडाभर गाव अंधारात चाचपडलं. शनिवारी हितेश आला, टोपी घालून त्याने बटण दाबलं, दिवे लागले, लोकांनी नमस्कार केला. रविवारी तो परत गेला. आता विझवायचे कुणी? पुतळाबाईने निकाल दिला की दिवा लावायचा मान असतो, विझवायचा नसतो. आपल्या हाताने दिवा विझवणारं घर गावात कुठलं आहे ते दाखवा. तसं घर मिळालं नाही. त्यामुळे पुढचा आठवडा दिवे भर दुपारीही जळत होते. समितीच्या अहवालात मी 'दिवाबत्ती सुरळीत' असं लिहिलं, आणि सरासरी काढली तर ते चूक नव्हतं.

घंटागाडीचं जरा किचकट झालं. गाडीत उजवीकडे बाळाजी आणि डावीकडे विनेश बसणार, हे खांद्यांप्रमाणे उघड होतं. पण गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे असतं, आणि बाळाजीने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. विनेशला गाडी येते, पण तो उजवीकडे बसायला तयार नाही. बाळाजीची जागा घेतली असं उद्या कुणी म्हणायला नको. दोघांनी एकमेकांचा मान इतका राखला की गाडी जागची हलेना. शेवटी बाळाजी फेटा बांधून स्टिअरिंगवर बसला, विनेश शेजारी बसला, इंजिन बंद ठेवलं आणि गावाने गाडी ढकलली. इंधन वाचलं. तेही मी अहवालात घेतलं.

गाडी निघाली ती पालखीच्याच वाटेने. दुसऱ्या वाटेने मानकरी कसे जातील? मानाच्या पहिल्या दारात गाडी थांबली आणि आतून बादली आली. मला वाटलं कचरा. ते पाणी होतं. बाईने चाकांवर पाणी घातलं. ती म्हणाली की पुढे फेटेवाला बाळाजी दिसला आणि हात आपोआप गेले. दुसऱ्या दारात गाडीच्या पुढच्या पत्र्याला हळदकुंकू लागलं, तिसऱ्या दारात हार पडला. त्यानंतर कुणी कचरा टाकेना. ज्या गाडीला कुंकू लावलं तिच्यात माशांची खवलं आणि खरकटं टाकायचं कसं, हा बायकांचा प्रश्न होता. गाडी वाजतगाजत गावभर फिरली आणि नारळ, तांदूळ आणि एक ब्लाउजपीस घेऊन परत आली. कचरा घरोघरी जागच्या जागी राहिला.

त्यातही इतरांच्या दारात गाडी निदान जायची. आमच्या कोपऱ्यावरून ती वळायची. आमच्याकडे पर्यटक असतात. त्यांच्या कोळंबीच्या सालींना आणि शहाळ्यांना अंत नसतो. आठवड्याभरात मागच्या खोल्यांमागे ढीग झाला. पुण्याच्या एका कुटुंबाने फार सभ्यपणे विचारलं की हा समुद्राचा वास का. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते दोन मुक्काम सोडून गेले आणि समुद्राबद्दल त्यांनी इंटरनेटवर बरंच काही लिहिलं. कमळ म्हणाली, वाडीत खड्डा खणा आणि पुरा. मी फावडं घेऊन चार घाव घातले नाहीत तोच पुतळाबाईने पाहिलं. तिने हाक मारून दोन गडी बोलावले. त्यांनी माझ्या हातातून फावडं काढून घेतलं, मला खुर्ची आणून दिली, शहाळं फोडून दिलं, आणि फावडं घेऊन निघून गेले. खड्डा तसाच राहिला. रिकामं शहाळं मी ढिगावर टाकलं.

मी धम्मदीप यांच्याकडे गेलो. गावाच्या वरच्या अंगाला बौद्धवाडी आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस गाडी द्यायची होती. तिथे काय अडचणी आल्या ते विचारावं, म्हणजे अहवालाला वजन येईल, असं मला वाटलं. धम्मदीप म्हणाले की वाडीतल्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या भक्ती मॅडमनी, गाडी स्वतः चालवली, अर्ध्या तासात कचरा भरला आणि गाडी धुऊन परत लावली. मला पटेना. तिथे पहिला मान कुणाचा होता, असं मी विचारलं. धम्मदीप माणगावकडचे, शांत माणूस. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"साहेब, मानाचं ओझं आमच्या आजोबांनी छप्पन साली खाली ठेवलं," ते म्हणाले. "तेव्हापासून आम्हाला कामाला वेळ मिळतो."

मला हे अहवालात कुठे घालावं ते कळलं नाही, म्हणून मी घातलं नाही. पण घरी येताना तोच विचार डोक्यात होता, आणि आपण स्वतः अजून त्याच ओझ्यासाठी झुरतो आहोत याची लाजही वाटली. लाज वाटली तरी झुरणं काही कमी झालं नाही.

पाण्याचं काम सगळ्यात शेवटी आमच्याकडे आलं, कारण बुधाजी निवृत्त होऊनही लेकीकडे माणगावला जाईपर्यंत पाणी सोडत होता. शिमगा चार-पाच दिवसांवर आला आणि तो गेला. टाकी टेकडीवर, आणि पाणी सोडायचा वॉल्व पायथ्याशी एका खड्ड्यात. तो फिरवायला लांब लोखंडी चावी असते आणि तिच्या डोक्यावर आडवा दांडा. आडवा दांडा दिसला आणि घात झाला. बाळाजीने उजवं टोक धरलं, विनेशने डावं. पुतळाबाईने नारळ वाढवला, देवीचं नाव घेतलं, आणि दोघांनी एकदम पुढे जोर लावला.

चावी फिरेना. ती फिरणार कशी? अशी चावी फिरवायची तर एकाने पुढे जायचं आणि दुसऱ्याने मागे यायचं. मी काठावरून तसं सांगितलं. दोघे थांबले. बाळाजीने विचारलं की मागे कोण येणार. विनेश म्हणाला, आमच्या घराण्यात देवीच्या कामात कुणी पाऊल मागे घेतलेलं नाही. बाळाजी म्हणाला, आमच्याही नाही. जमलेल्या गावाने दोघांचंही बरोबर आहे असं ठरवलं. मग मागच्या खांद्यांची घरं पुढे आली, दोन्ही टोकांना आणखी माणसं लागली, आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा एकाच दिशेने, पुढे, जोर लावला. आतून एक आवाज आला. चावी आडवी झाली आणि तिच्यासोबत चार मानकरीही आडवे झाले.

माणगावहून फिटर आला. त्याने खड्ड्यात वाकून बराच वेळ बघितलं आणि हे कुणी केलं असं विचारलं. गावाने, असं सांगितल्यावर म्हणाला की तरीच, एका माणसाचं हे काम नव्हे. आतला दांडा वाकून तुटला होता. नवा बसवायचा तर आधी पैसे. टाकी भरलेली, नळ कोरडे, आणि शिमग्याला येणारे मुंबईकर पोराबाळांसह गाड्यांत बसलेले.

तातडीची ग्रामसभा भरली. कल्पितावहिनीने माइक माझ्यासमोर आणून ठेवला. मी उभा राहिलो. इतकी वर्षं मी उशिराच्या आणि रद्द झालेल्या गाड्या याच आवाजात सांगितल्या आहेत, पण त्या दुसऱ्यांच्या होत्या. मी म्हणालो, कर वाढवावा आणि माणसं नेमावीत, अशी समितीची शिफारस आहे. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मंग आदी का न्हाय वाढवला?" पुतळाबाईने विचारलं.

मी माइक बंद केला आणि खाली बसलो. करवाढ एकमताने मंजूर झाली. बुधाजीच्या जागी माणूस ठरला, रितेशनेही फोनवर परत येतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मदीप यांनी पंचायतीत पावतीपुस्तक उघडलं आणि संध्याकाळी कोरंच मिटलं.

पैसे सगळ्यांकडे होते. बाळाजी एका बाकावर बसला होता, विनेश समोरच्या बाकावर, आणि दोघांच्या मागे गाव. दोघेही चहा पीत होते. पुन्हा तेच, कुणीतरी पहिला येणार. मोबाइलवर भरा, असं धम्मदीप यांनी सुचवलं. हितेशने विचारलं की मोबाइलवर कुणी आधी भरली ते दिसतं का. दिसतं, असं कळल्यावर सगळ्यांनी मोबाइल खिशात घातले.

त्या रात्री कल्पितावहिनी आमच्याकडे आली, ओटीवर बसली आणि चहा मागितला. मी घाबरलो. पण ती रागावलेली नव्हती.

"भावोजी, पहिली घरपट्टी तुम्ही भरा. वाजतगाजत नेऊ तुम्हाला."

मी करवाढ विरोधी समितीचा अध्यक्ष आहे, याची मी तिला आठवण दिली. ती म्हणाली की ते गाव विसरेल. बाळाजीने आधी भरली तर विनेशला कमीपणा, विनेशने भरली तर बाळाजीला. तुम्ही भरलीत तर कुणालाच नाही, कारण तुम्हाला मानच नाही. हे ती प्रेमाने बोलली. मला ते फार लागलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं मी बोलून गेलो.

"माझे पैसे चालतात, मला मान नसणंही चालतं. माझ्या दारात पालखी चालत नाही. पैसे घेऊन जा, मी वाजतगाजत येणार नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. कल्पितावहिनी चहा तसाच ठेवून उठली आणि कुंपणापलीकडे पुतळाबाईकडे गेली. तिथे दिवा बराच वेळ जळत होता. बाळाजी आला, विनेश आला, आवाज चढले, उतरले. शेवटी पुतळाबाई आपल्याच शब्दात अडकली असावी. पहिला म्हणजे मान, हे तीच आयुष्यभर सांगत आली होती. आता जो पहिली घरपट्टी भरेल त्याला मान नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. निकाल सांगायला बाळाजी स्वतः आला.

"वाढीव घरपट्टीचा पयला मान जावयबापूंच्या घराचा," तो म्हणाला. "पालखी येल."

सकाळी ढोल आले. मी धुतलेला सदरा घातला. गाव पुढे-मागे चालत होतं, आणि करवाढ विरोधी समितीचा अध्यक्ष हातात नारळ घेऊन वाढलेला कर भरायला निघाला होता. पंचायतीच्या दारात कुणीतरी गुलाल टाकला. धम्मदीप यांनी पावती फाडून दोन्ही हातांनी दिली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते गुलालाचं नव्हतं. माझ्यामागे बाळाजी आणि विनेश एकदमच दारात शिरले. धम्मदीप यांनी आधीच दोन टेबलं आणि दोन पावतीपुस्तकं मांडून ठेवली होती. एका टेबलावर ते बसले, दुसऱ्यावर शिपाई, आणि दोन्ही पावत्या एका वेळी फाटल्या. दुपारपर्यंत अख्ख्या गावाने वाढीव कर भरला. दुसऱ्या दिवशी नळ आले.

शिमग्याच्या आदल्या संध्याकाळी बाळाजी गावकीची वर्गणी मागायला आला. जावयाला वर्गणी नसते, मानकऱ्याला असते, आणि नव्या मानकऱ्याने मागच्या वर्षांचीही द्यायची असते. कमळने आतून डोळे मोठे केले. ज्या करवाढीसाठी मी समिती काढली ती या रकमेपुढे काहीच नव्हती. मी पाकीट उघडलं आणि पावती मागितली नाही.

पालखी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कोपऱ्यावर ढोल क्षणभर थबकले. मग ढोल आमच्या बाजूला वळले. फाटक अरुंद म्हणून बाळाजी आणि विनेश तिरके झाले, पण दोघेही आत आले, आणि पालखी आमच्या अंगणात उभी राहिली. कमळने कळशीने पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली, आणि तशीच हात जोडून उभी राहिली. पालखी निघून गेली तरी ती हलली नाही. मी जवळ गेलो तर ती रडत होती.

"लग्न झाल्यापासून दुसऱ्यांच्या दारात जाऊन ओटी भरत्ये," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही."

आम्ही दोघं ओल्या अंगणात तसेच उभे राहिलो. ढोल लांब गेले. तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर काळजी आली.

"अहो, बाळाजी वाढीव घरपट्टीचा मान म्हणाला ना? म्हणजे पुढच्या वर्षी कर वाढवला नाही तर?"

"नाही वाढवला," मी म्हणालो, "तर मी सभेत माइक घेऊन हरकत घेईन."